दारातला प्रश्न

पाळणाघराच्या मावशी मूल आत घेण्याआधी दारातच प्रत्येक आईला विचारायच्या, "रात्री पोट बरं होतं ना?" पोट बिघडलेलं असेल, तर जुलाब थांबल्यावरही दोन दिवस मूल घरी, असा त्यांचा नियम. तपासणी कसली नाही, सगळा कारभार आईच्या शब्दावर.

त्या सोमवारी शिलाई कारखान्यात कॉलर जोडणाऱ्या कॉलरवालीने बेधडक सांगितलं, "हो, एकदम बरं." पहाटे लेकीने दोनदा अंथरूण खराब केलं होतं. चमचाभर औषध पाजून, फ्रॉक बदलून बाईसाहेब तिला घेऊन हजर! करणार काय? महिनाभर एकही खाडा नसला तरच हजेरीचा बोनस, आणि महिना संपायला आठवडाच उरलेला. त्यातून लेकीचे बूट यायचे होते. खोटं बोलताना आपली जीभ जराही अडखळली नाही, हे तिला पुढे फार लागलं.

गुरुवारपर्यंत सात मुलं आडवी झाली, शुक्रवारी स्वतः मावशी. पाळणाघराला कुलूप लागलं. कारखान्यात मशीनच्या एकाच ओळीतल्या नऊ जणी मुलं सांभाळत घरी बसल्या, त्यात हीसुद्धा. बोनस गेला, पाच दिवसांचा पगार बुडाला, डॉक्टरची फी वेगळीच. हे तिने मुकाट गिळलं असतं. पण शेजारच्या मशीनवरची बाहीवाली अजून कच्च्या नोकरीत होती आणि पुढच्याच महिन्यात कायम व्हायची होती. आधी तिचा मुलगा आजारी पडला, मग ती. परतली तेव्हा तिच्या मशीनवर दुसरीच कुणी बसलेली. तोंडाशी आलेला घास गेला.

कॉलरवाली सगळं सांगून टाकायचं ठरवूनच तिच्या घरी गेली. बाहीवाली मुलाचे कपडे पिळत होती. हात न पुसताच ती म्हणाली, "बरं झालं आलीस. मला तुझी माफी मागायची होती."

"माझी? कशाबद्दल?"

"बुधवारी पोरगं मलूल होतं, धड जेवलंही नव्हतं. तरी मी मावशींना बरंय म्हणून सांगितलं. माझ्यामुळेच पसरलं गं सगळं. तुझा बोनसही माझ्यामुळेच गेला."

एका वाक्यात बाहीवालीची सुटका झाली असती. ते वाक्य कॉलरवालीच्या ओठांपर्यंत आलंही होतं.

"असू दे गं," ती म्हणाली. "होतं असं कधी कधी."

बाहीवालीने डोळे पुसले आणि तिच्यासाठी चहा ठेवला. कॉलरवालीने तो बसून पुरता प्यायला.