स्ट्रेचर जाईल एवढी वाट

आमच्या घराच्या पॅसेजमधून सरळ कुणीच चालत नसे. पोट आत घ्यायचं, डावा खांदा पुढे काढायचा आणि तिरकं होऊन सरकायचं. ही सवय माझ्या अंगात इतकी मुरली आहे की दुसऱ्यांच्या घरीही पॅसेज दिसला की मी आपोआप तिरकी होते. लग्नानंतर नवऱ्याने एकदा विचारलं होतं, "तू खेकड्यासारखी का चालतेस?" मी विषय बदलला होता.

दोन्ही भिंतींना छताला टेकेल इतकं सामान होतं. बंद पडलेले पंखे, वायरींची वेटोळी, खोक्यांत ठेवलेली खोकी आणि लिफ्टचे सुटे भाग. बाबा लिफ्ट मेकॅनिक होते. अडकलेल्या माणसांना बाहेर काढणं हे त्यांचं काम. जन्मभर त्यांनी ते चोख केलं, आणि कंपनीने टाकून दिलेली प्रत्येक वस्तू पिशवीत घालून घरी आणली. आई त्यांना स्टोअरकीपर म्हणायची. "स्टोअरकीपर, मला बाथरूमला जायचंय. पास देता का?" बाबा हसायचे, आणि पुढच्या आठवड्यात आणखी काहीतरी यायचं.

आई गेली त्या दुपारी मी वाचनालयात होते. बाबांनी फोनवर एवढंच सांगितलं, "श्वास लागला होता. नेईपर्यंत गेली." त्यापुढे ते कधीच काही बोलले नाहीत. बाकीचं मला समोरच्या काकूंनी सांगितलं, काही दिवसांनी, जिन्यात गाठून.

"तुला सांगू की नको, असं झालंय बघ."

"सांगा ना काकू."

"अगं, अ‍ॅम्ब्युलन्स वेळेत आली होती. दोघं जण वरही आले. पण स्ट्रेचर आत जाईना. स्वयंपाकघरापाशी तुमचा पॅसेज वळतो ना, तिथेच अडकलं. मागे घेतलं, उभं केलं, आडवं केलं. शेवटी तिला खुर्चीत बसवलं आणि चादरीने बांधून आणलं. मान अशी लटकत होती. वरून एक खोकं पडलं, ते ओलांडता ओलांडता..." काकूंनी हाताने तोंड झाकलं. "तुझ्या बाबांना नको हं सांगू, मी बोलले म्हणून."

मी बाबांना काही सांगितलं नाही. पण त्या दिवसापासून मला त्या घरात एकच गोष्ट हवी होती. बेडरूमपासून बाहेरच्या दारापर्यंत स्ट्रेचर जाईल एवढी वाट. बाबांचं हृदयही आता पूर्वीसारखं राहिलेलं नव्हतं. आणखी एक गोष्ट हवी होती, पण ती मागता येण्यासारखी नव्हती. त्या दुपारी काय झालं ते मला बाबांच्या तोंडून ऐकायचं होतं.

दादाचं म्हणणं वेगळं होतं. तो लांब राहतो, त्यामुळे त्याला सगळं सोपं दिसतं.

"बाबांना आठवडाभर तुझ्याकडे ने. मी ट्रक पाठवतो. परत येतील तेव्हा घर लख्ख."

"आणि परत आल्यावर?"

"परत आल्यावर काय? करतील थोडी आदळआपट."

"ती बघायला तू असणार आहेस का?"

"अगं, तू ना प्रत्येक गोष्टीचं पुस्तक करतेस," असं म्हणून त्याने फोन ठेवला.

मी ग्रंथपाल आहे. जुनी पुस्तकं बाद करणं हा माझ्या कामाचाच भाग आहे. पण पुस्तक बाद करताना त्याच्या समोर त्याचा लेखक उभा नसतो. इथे बाबा प्रत्येक वस्तूपाशी उभे असायचे. मी दर शनिवारी जायचे आणि आमचं ठरलं होतं की एका वेळी एकच पिशवी भरायची, आणि बाबा हो म्हणतील तेच तिच्यात टाकायचं.

"हे?"

"राहू दे. चालू आहे ते."

"चालू आहे तर लावा कुठेतरी."

"लावायला त्याची दुसरी बाजू लागते."

"ती कुठे आहे?"

"असेल इथंच."

कशीबशी पिशवी भरायची. मी ती खाली कोपऱ्यावरच्या भंगारवाल्याकडे नेऊन द्यायचे. एके दिवशी त्याने मला थांबवलं. "ताई, एकदा घरात बसून ठरवा काय ते. सकाळी तुम्ही आणून देता, संध्याकाळी काका येऊन परत नेतात. वर मलाच दम देतात, चांगला माल भंगारात घेतोस म्हणून. मी धंदा करू की तुमच्या घरच्या पिशव्या सांभाळू?"

मी वर आले. बाबा खुर्चीत बसून एक स्विच पुसत होते. तो मी गेल्या शनिवारी टाकलेला होता. आम्ही चहा प्यायलो.

मग मी दुसरा मार्ग धरला. हॉस्पिटलच्या व्हरांड्यात भिंतीला लावलेलं एक स्ट्रेचर दिसलं, तेव्हा सुतळीने त्याची रुंदी मोजली, उचलणाऱ्यांचे हात राहतील एवढी सुतळी जास्त सोडली आणि गाठ मारली. पुढच्या शनिवारी ती सुतळी मी पॅसेजमध्ये जमिनीवर आडवी पसरली. ती दोन्ही बाजूंनी सामानाखाली गेली.

बाबा स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून बघत होते. आयुष्यभर मापं घेतलेला माणूस. हे कशाचं माप, असं त्यांनी विचारलं नाही.

"एवढीच जागा हवीये," मी म्हणाले. "बाकी घर तसंच राहू दे. मी हात लावणार नाही."

त्यांनी वाकून सुतळीची गाठ चाचपली. "सुतळी ठेवून जा," म्हणाले.

नंतरचे दोन शनिवार मला तापाने जाता आलं नाही. त्यानंतर गेले तेव्हा बाहेरचं दार उघडलं आणि सवयीने पोट आत घेऊन, खांदा पुढे काढून तिरकी सरकू लागले. चार पावलं गेल्यावर लक्षात आलं की अंगाला काहीच लागत नाही. पॅसेज रिकामा होता. दोन्ही भिंती उघड्या पडल्या होत्या. खाली जुना पिवळा रंग, वर धुळीचा काळा. सुतळी खिळ्याला टांगलेली होती.

"बाबा! हे सगळं तुम्ही एकट्याने केलंत?"

"हं," आतून आवाज आला. "दार जपून ढकल."

बेडरूमचं दार वीतभर उघडलं आणि कशावर तरी आदळून थांबलं. मी फटीतून आत शिरले. पॅसेजमधलं सगळं पलंगावर आईच्या बाजूला रचलेलं होतं. पंखे, खोकी, मोटारी, साखळ्या, माणूसभर उंच ढीग. आईची बाजू दाराकडची. जे पलंगावर मावलं नाही ते दारामागे. पलीकडे भिंतीला लागून हातभर जागा होती आणि तिथे बाबांची उशी. माझा पारा चढला.

"हे काय केलंत बाबा? एकही वस्तू बाहेर गेली नाही! तुम्हाला काही झालं तर दार तरी उघडणार आहे का? वाट कशासाठी केलीत मग?"

बाबा पायथ्याशी, पलंगाच्या काठावर बसले होते. हात मांडीवर.

"पलंग रिकामा ठेवला असता तर तू चादर धुवायला काढली असतीस."

खरंच काढली असती. आजवर काढली नव्हती ती केवळ मशीनपर्यंत पोचायला जागा नव्हती म्हणून.

मी एका खोक्याची कड जरा उचलली. खाली चादर होती. निळ्या रेघांची, चुरगळलेली, त्या दुपारी आईला घाईत उठवताना एका बाजूला ओढली गेली तशीच. मी खोकं होतं तसं खाली ठेवलं.

"राहू दे," मी म्हणाले. "पण दाराचं काय?"

बाबांनी दाराकडे पाहिलं. अडकलेल्या लिफ्टकडे बघावं तसं, वरून खाली, बिजागऱ्यांवर थांबत. मग ते उठले, त्या एवढ्या ढिगात हात घातला आणि न शोधता पेचकस काढला. "धरून ठेव," म्हणाले. स्क्रू गंजले होते. एकेक सोडवताना त्यांच्या कपाळावर घाम आला, पण मला हात लावू दिला नाही. शेवटची बिजागरी सुटली तसं दाराचं सगळं वजन माझ्या अंगावर आलं.

दार आम्ही पॅसेजच्या भिंतीला टेकवलं.

"चांगलं लाकूड आहे," बाबा म्हणाले.

"कुठे ठेवणार?"

ते पॅसेजच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बघत राहिले. मग खाली वाकले. "तिकडून उचल."

"उभं धरू या ना. सोपं जाईल."

"नाही. आडवं."

आयुष्यभर लिफ्टची दारं वाहिलेला माणूस. दार आडवं न्यायचं नसतं, हे मला कळत होतं तर त्यांना कळत नव्हतं असं नाही. मी आडवं धरलं. ते पुढे झाले, माझ्याकडे तोंड करून, मागे मागे चालत. दार आमच्या दोघांमध्ये सपाट होतं. स्वयंपाकघरापाशी वळण आलं. बाबा थांबले. हळूच त्यांनी आपली बाजू वळवली. दाराचा कोपरा भिंतीला न लागता पार झाला.

"आता जातंय," ते म्हणाले.

मी माझी बाजू सावरून धरली.

"इथंच थांबले होते ते लोक. मला म्हणाले, काका, एखादी खुर्ची द्या लवकर." त्यांचा श्वास जोरात चालला होता. "सतरा खुर्च्या आहेत या घरात. एकही रिकामी नव्हती. मी एकेक वस्तू उचलून खाली ठेवत बसलो. नीट ठेवत होतो गं. फुटू नये म्हणून."

आत आई होती आणि ते नीट ठेवत होते. मला हात पुढे करावासा वाटला, पण दोन्ही हात दाराखाली होते. त्यांचेही.

"जड होतंय का?" बाबांनी विचारलं.

"नाही."

"मग चल."

आम्ही निघालो. बाहेरच्या दारापर्यंत सरळ गेलो. हातांत दार असल्यामुळे दोघांनाही तिरकं होता येत नव्हतं.