कुंकवाला रिकामी जागा

चनबसप्पाच्या सोलापुरी चादरीच्या कारखान्यात खंडेनवमीची एक रीत कडक पाळली जायची. यंत्राच्या पत्र्याला कुंकू लावायचं नाही. झाकण उघडायचं आणि आतला जो भाग खरं काम करतो, त्याला लावायचं. ही रीत त्याच्या आईची, बसव्वाची. "पत्रा म्हंजे नुसता सदरा हाय," असं ती म्हणायची, आणि तिच्यापुढे बोलायची कारखान्यात कुणाची टाप नव्हती.

यंदाची पूजा मात्र चनबसप्पाच्या बायकोच्या, भुवनेश्वरीच्या जिवावर आली होती. पूजा उरकली की तिचं कार्ड पाडायचं यंत्र भंगारात जाणार होतं. टेंभुर्णीचा ईश्वर टेम्पो घेऊन दारात येऊन थांबलासुद्धा होता. सणासुदीचं भंगार न्यायला आलेला माणूस, पण बिचारा अवघडून बसला होता आणि दिलेला पेढा हातातच धरून होता.

चादरीवर मोर उठतो तो पुठ्ठ्याच्या भोकांवरून. भुवनेश्वरी कॉम्प्युटरवर नक्षी काढायची, हे यंत्र त्याबरहुकूम पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडायचं, आणि त्या कार्डांची माळ मागावर चढली की कुठला धागा वर, कुठला खाली, हे मागाला आपोआप कळायचं. लग्न होऊन आली तशी ती हेच करत होती. तिच्या चादरी कुठल्या कुठल्या गावात अंथरल्या गेल्या असतील, देव जाणे. तिचं नाव एकीवरही नव्हतं आणि तिला त्याचं काही वाटतही नव्हतं. यंत्राची खटखट ऐकू आली की तिचा दिवस सुरू व्हायचा, एवढं खरं.

उन्हाळ्यात जुना कॉम्प्युटर जळाला. नवा आला. जुनी डिस्क त्यात बसवली, जुना प्रोग्राम चालला, सगळे मोर आणि कोयऱ्या पडद्यावर जशाच्या तशा उभ्या राहिल्या. पण यंत्राची ती जाड केबल लावायला रुंद तोंड लागतं, ते नव्या डब्याला मागच्या बाजूला नव्हतंच. कॉम्प्युटर दुरुस्त करणारा धम्मदीप मोठा हुशार. त्यानं डबा फिरवून फिरवून पाहिला. "काकू, हे पोर्ट आता येतच न्हाय. बंद झालं ते." मग त्यानं यूएसबीची एक जोडतार आणली. तिच्यावर प्रिंटर चालला असता, हे यंत्र ढिम्म हललं नाही.

मग चनबसप्पानं ठरवलं, कार्डं बाहेरून आणायची. बायकोला म्हणाला, "लई वर्सं केलंस की. आता निवांत बस घरी." प्रेमानंच म्हणाला, आणि म्हणूनच ते जास्त झोंबलं. भांडता तरी येईना. निवांत बसून करायचं काय, हे त्याला कोण विचारणार?

कुंकू लावून माग झाले, मोटारी झाल्या. बसव्वा कुंकवाची वाटी घेऊन कॉम्प्युटरपाशी आली.

"उगडा ह्याला."

"आई, त्याला वरूनच लाव," चनबसप्पा म्हणाला. "नाजूक असतंय ते."

"का? हा काय जावई हाय?"

धम्मदीपला यंत्रांवर काम करणारा म्हणून दरवर्षी पेढ्याला बोलावणं असायचं. तो हसत पुढे आला, प्लग काढला, बाजूचे स्क्रू फिरवले आणि पत्रा सरकवला. आत हिरवा बोर्ड. बसव्वानं ओलं कुंकू बोटावर घेतलं आणि बोट थेट मधल्या पंख्याकडे नेलं.

"आजी, तितं नको!" धम्मदीपनं तिचं मनगट धरलं. "कुंकू ओलं हाय. जळून जाईल सगळं."

"मग कुटं लावू?"

"थांबा, मी बघतो. जितं काहीच काम होत न्हाय आशी जागा बघू."

म्हातारीनं तोंड वाकडं केलं, कारण रीत नेमकी उलटी होती. पण बोट तसंच वर धरून ती थांबली. धम्मदीपनं मोबाइलची बॅटरी लावली आणि बोर्डाच्या कडेकडेनं उजेड फिरवू लागला. इथं मेमरी, इथं तारा, इथं बॅटरीचा गोल. खालच्या कोपऱ्यात, केबलींच्या सावलीत, एक मोकळी जागा दिसली. तिथं कशाचीच तार गेली नव्हती. बारीक पिनांच्या दोन ओळी तेवढ्या उभ्या होत्या, उघड्याच, आणि शेजारी पांढरी अक्षरं.

उजेड तिथं थांबला तो हललाच नाही.

"काय रे?" भुवनेश्वरीनं विचारलं.

धम्मदीपनं पिना मोजल्या. पुन्हा मोजल्या. "एल पी टी," तो पुटपुटला. मग तिच्याकडे वळला तेव्हा त्याचा चेहरा पोरासारखा झाला होता. "काकू, हे तेच पोर्ट हाय. तुमच्या यंत्राचं. आतमदी हाय. नुसतं भाईर काढलं न्हाय कुणी."

"आरं, पण तू तर..."

"व्हय, मीच म्हणलो न्हाय म्हणून! मी मागनंच बघत बसलो की. ह्याच्या पुस्तकात पन एक ओळ न्हाय."

भुवनेश्वरी वाकली. उन्हाळ्यापासून ती याच डब्यापुढे बसून रडवेली झाली होती, आणि तिच्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर ही वाट तयार होती. कुठल्या दूरदेशी कुणीतरी हा बोर्ड बनवला असेल. त्यानं सोलापूर ऐकलंही नसेल. जगानं ज्याला जुनं म्हणून टाकून दिलं, त्याच्यासाठी त्यानं एवढ्याशा पिना उभ्या करून ठेवल्या होत्या, कुणी विचारलं तर असाव्यात म्हणून. तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. देवळातसुद्धा अलीकडे तिला असं झालं नव्हतं.

"ईश्वरला सबूद दिलाय मी," चनबसप्पा म्हणाला, पण वाकून तोही त्या पिनाच बघत होता.

"जाऊ द्या की अण्णा," ईश्वर म्हणाला. तो केव्हाच उठून डब्यात डोकावत होता. "मला बी बगू द्या, चालतंय का."

धम्मदीप गाडीवर टांग मारून दुकानात गेला आणि कुठल्याशा जुन्या कॉम्प्युटरमधून काढून ठेवलेली एक चपटी पट्टी घेऊन आला. तिच्या एका टोकाला पिनांवर बसणारी टोपी, दुसऱ्या टोकाला ते रुंद तोंड. टोपी बसली. यंत्राची जाड केबल तोंडात गच्च बसली. भुवनेश्वरीनं मोर उघडला, हुकूम दिला.

काही नाही. यंत्र गप्प.

चनबसप्पानं बायकोकडे पाहायचं टाळलं. भुवनेश्वरीला वाटलं, हे दाखवलंच नसतं तर बरं झालं असतं.

"एक मिंट," धम्मदीप म्हणाला. त्यानं कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला आणि एक बटण सारखं दाबत राहिला. पडद्यावर सेटिंगचं निळं पान आलं. ओळीमागून ओळी. एकीवर तो थांबला. "हे बगा. कंपनीतनंच बंद करून पाठवलंय. आपन चालू करू."

मोर पुन्हा उघडला. भुवनेश्वरीनं हुकूम दिला.

खट.

मग खटखट, खटखट, आणि खटखटीची सरळ झडच लागली. पहिलं कार्ड पुढे सरकून आलं. भुवनेश्वरीनं ते उचलून दाराच्या उजेडात धरलं. भोकाभोकांतून ऊन तिच्या तोंडावर पडलं. भोकं वाचायची तिला सवय होती. मोराची चोच होती ती, एकही भोक चुकलेलं नव्हतं. तिला रडू आलं आणि तिनं ते लपवलं नाही.

ईश्वरनं हातातला पेढा एकदाचा तोंडात टाकला आणि टेम्पोतला दोर गुंडाळायला गेला. चनबसप्पा यंत्रापाशी उभा होता, त्याला हात लावून. "उद्यापास्नं तुजं काम तू बग," एवढंच तो बायकोला म्हणाला.

"अय्यो शिवने!" बसव्वा मागून ओरडली. तिचं बोट अजून वरच होतं. "माजं कुंकू वाळाय लागलं. कुटं लावायचं ते सांगा की कुनीतरी!"

धम्मदीपनं बोर्डाकडे पाहिलं आणि हसला. "आजी, ती एकच जागा रिकामी होती. आता तितं बी काम चालू झालं."

म्हातारीनं क्षणभर विचार केला. मग तिनं सुनेचा उजवा हात ओढला, त्यातलं कार्ड बाजूला केलं आणि उरलंसुरलं कुंकू तिच्या बोटांना लावलं.