राणी रडली की लुगडं ढिलं

लग्न होऊन मी सोलापुरात आले ती सातवी पास होऊन आणि खणखणीत गळा घेऊन. सातवीचं सासरी थोडंफार कौतुक झालं, गळ्याचं अजिबात नाही. "हळू बोल, शेजारी ऐकतात," हे सासूबाईंचं रोजचं. पण स्वयंपाकघराच्या मागच्या दारालाच लागून मामंजींचा आठ हातमागांचा कारखाना होता, आणि तिथे हळू बोलणाऱ्याचं कुणालाच ऐकू जात नसे.

त्या दारात निंगव्वा मागासाठी सुताच्या कांड्या भरत बसायची. डोळ्यांत मोतीबिंदू, पण बोटं अजून तरणी. एका दुपारी आमच्या यांनी लायब्ररीतून आणलेलं जाडजूड पुस्तक मी तिच्याजवळ बसून वाचत होते. आजोबांच्या काळात छापलेली, जुनी नावाजलेली कथा.

"काय लिवलंय गं त्यात? एकटीच गिळायलीस," निंगव्वा म्हणाली.

मग मी मोठ्याने वाचू लागले. जवळच्या मागावरच्या श्रीमंत नावाच्या विणकराने मान वळवली आणि ओरडला, "अक्का, हितं काय बी ऐकू येईना की! वाढवा आवाज!"

आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी मला आवाज वाढवायला सांगत होतं. मी कशाला मागे राहते! त्या दिवसापासून दुपारची भांडी आवरली की मी दारात बसायची आणि वाचायची. मला कुणी नेमलं नव्हतं, कुणी काही देतही नव्हतं. धागा घट्ट बसवणाऱ्या फणीच्या दोन ठोक्यांमध्ये शब्द कसा टाकायचा, हे मला महिनाभरात जमलं. एका संशयी राजाने राणीला गडावरून हाकलून दिलं होतं, आणि अख्खा कारखाना त्या राजाला शिव्या घालत लुगडी विणत होता. मी फार सुखात होते.

मग करकंबच्या व्यापाऱ्याने लुगड्यांचा गठ्ठा परत पाठवला. प्रत्येक लुगड्यात कुठे ना कुठे हातभर पट्टा ढिला. बाकी कापड घट्ट, तेवढाच पट्टा चाळणी. मामंजी, म्हणजे बसलिंगप्पा, सुताच्या दुकानदारावर उखडले. मग खळ लावणाऱ्यावर उखडले. फण्या बदलून झाल्या, माग ठोकून झाले, तरी पट्टे पडतच राहिले.

शेवटी एका दुपारी ते स्वतः श्रीमंतच्या मागाशी उभे राहिले आणि विणलेलं कापड बोटांनी चाचपू लागले. मी वाचत होते. राणी आपलं तान्हं मूल नदीकाठी एका परक्या बाईच्या पदरात घालत होती. माझा आवाज उतरला, त्याबरोबर ठोके उतरले. आठही मागांवर हात असे हळुवार पडू लागले, जणू ते मूल त्यांच्याच फणीखाली निजलं होतं.

"थांब!" मामंजी गरजले. "हितं ढिलं पडलं! आत्ता, माझ्या बोटाखाली!"

पुढे सांगायला नकोच. वाचन बंद.

मला इतका राग आला की त्या रात्रीच्या भाकऱ्या सगळ्या करपल्या. रागामागे रडू होतं, तेही सांगून टाकते. त्या घरात मी बोलावं असं कुणाला वाटत होतं ते फक्त दुपारचे दोन तास, आणि तेच गेले होते.

वाचन पुन्हा सुरू करा म्हणून कारागीर मामंजींच्या मागे लागले, तेव्हा गल्लीतले एकनाथ मास्तर आपणहून पुढे आले. पेन्शनीत निघालेले, भले गृहस्थ. "मी वाचीन, विनामूल्य," म्हणाले. मास्तरांनी युद्ध वाचलं, विरह वाचला, राजाचा पश्चात्ताप वाचला, सगळं एकाच सुरात, शुद्धलेखन घातल्यासारखं. कापड असं एकसारखं आलं की मामंजींनी मास्तरांना घरी बोलावून चहा पाजला. तो चहा मीच केला. साखर कमी घातली.

पण आठवड्यात कारागीर पेंगायला लागले. ऐन लढाईत श्रीमंतला डुलकी लागली आणि पन्नासेक धागे तुटले. निंगव्वाने तर कांड्या बाजूला सारल्या. "राणी जगली काय, मेली काय, मास्तरला दोनी सारकंच. म्या कशाला ऐकू?"

मामंजी जेवायला बसले ते कपाळाला आठ्या घालूनच. मी भाकरी वाढली आणि धीर करून म्हणाले, "मामंजी, उभे धागे संपले की नवे जोडायला दिवस जातो ना? तेव्हा माग बंदच असतात."

"मग?"

"रडण्याची पानं त्या दिवशी वाचते. ठोकाच नाही, तर ढिलं काय पडणार? मागावर फक्त लढाया आणि भांडणं."

त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. "आन् रडणं कुटं येतं, ते मला आधी कसं कळायचं? सगळे माग एकदम रिकामे व्हायला पायजेत की."

"तुम्हाला आधी वाचून दाखवते. रडणं आलं, की माग रिकामे होईपर्यंत पुस्तक मिटून ठेवू."

अशी सोय झाली. रोज संध्याकाळी मामंजी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी पाट घेऊन बसायचे आणि तोंड दुसरीकडे करून, धंद्यापुरतं म्हणून, पुढचं पान ऐकायचे. धंद्यापुरतं ऐकणारा माणूस "असं कसं केलं त्या येड्यानं?" असं विचारतो का, हे मी सासूबाईंना डोळ्यांनीच विचारलं. त्या पदर तोंडाला लावून हसल्या.

धागे जोडायचा दिवस आला. आठही माग गप्प. कारागीर मांडी घालून एकेक धागा पिळून जोडत होते. मी पुस्तक उघडलं. कित्येक वर्षांनी राणी आपल्या मुलाच्या दारात उभी राहते आणि तो तिला भिकारीण समजून पसाभर जोंधळा घालतो, ते पान होतं. ओरडायची गरज नव्हती. इतक्या हलक्या आवाजात मी तिथे कधीच वाचलं नव्हतं, आणि शब्द न् शब्द शेवटच्या मागापर्यंत पोचत होता. निंगव्वा उघड रडत होती. श्रीमंतचे हात थांबले होते. मामंजी सुताच्या गाठोड्यावर येऊन बसले होते. उंबऱ्याशी त्यांनी हेच पान ऐकलं होतं, तरी डोळे पुसत होते.

पान संपलं. मी पुस्तक मिटलं.

"थांबलीस का?" मामंजी म्हणाले.

"पुढे लढाई आहे, मामंजी. ती उद्या मागावर."

"मागाचं उद्या बगू," ते म्हणाले. "तू वाच, पोरी."