दुमडलेला कोपरा

माझ्या एका पानाचा खालचा कोपरा कालपर्यंत दुमडलेला होता. तांदळाच्या दाण्याएवढाच. घडीची रेघ अजून मळलेली नाही, म्हणजे घडी ताजी. या घरात पानं दुमडायला सक्त मनाई आहे, म्हणून सांगतो.

मित्रांनो, मी एक जुना इंग्रजी कोश आहे, पण अर्थ सांगणारा नव्हे. कोणता शब्द कोणाशेजारी नांदतो, एवढंच मी सांगतो. आपण शपथ घेतो, शंका काढतो, जेवणावर ताव मारतो. शंका कोणी मारत नाही. का, ते विचारू नका. जोड्या वापराने जमतात. इंग्रजीत ताप ‘हाय’, रक्तस्राव ‘हेवी’ आणि वास ‘स्ट्राँग’. अदलाबदल केली की वाचणारा अडखळतो, आणि औषधाच्या माहितीपत्रकावर अडखळणं बरं नव्हे.

या घरात तशी पत्रकं इंग्रजीत करण्याचं काम चालतं. सासूबाईंनी मला आणलं तेव्हा माझी शिलाई घट्ट होती, हिरवं कापड कोरं होतं. दिवसभर मी त्यांच्या कोपराशी असायचो. मग जोड्या त्यांना तोंडपाठ झाल्या आणि मी सगळ्यात वरच्या फळीवर गेलो. पाहुण्यांना त्या मला बोटाने दाखवायच्या, “हा माझा गुरू.” गुरूवर धूळ बसायची ती बसायचीच.

पुढे सून मदतीला आली. संध्याकाळी ती मजकूर मोठ्याने वाचते, सासूबाई डोळे मिटून ऐकतात. जोडी चुकली की त्यांची पेन्सिल टेबलावर वाजते.

अलीकडे दोन गोष्टी मला खटकू लागल्या. सून बाहेर गेली की सासूबाई स्टूलवर चढून मला काढायच्या आणि पाऊल वाजलं की घाईने परत ठेवायच्या. कोपराही त्यांनीच दुमडला. तोंडपाठ असणाऱ्याला चोरून वाचायची गरज काय? दुसरं, सुनेने मला एक-एक फळी उतरवत सगळ्यात खालच्या फळीवर आणलं. खालच्या फळीनंतर रद्दीच, असा माझा हिशेब.

काल सासूबाईंनी छापून आलेलं पत्रक तिच्यापुढे टाकलं.

“मी ताप ‘स्ट्राँग’ केला होता. इथे ‘हाय’ कसा?”

“मी बदलला, आई.”

“माझ्या पाठीमागे? किती दिवस चाललंय?”

“तुम्ही दमलेल्या असता...”

“गोड बोलू नकोस. दात किडतील.”

“तुमचे की माझे?” म्हणत सुनेने मला उचललं. मी आपोआप त्या पानावर उघडलो. तापाचंच पान. तिने घडी नखाने हळूच सरळ केली.

“हे कुणी दुमडलं, मी विचारलं नाही. पण तुम्ही स्टूलवर चढत होता. पडला असता, म्हणून कोश खाली आणला.”

मित्रांनो, पानाचा कोपरा दुमडलेला दिसला तर लगेच रागावू नका. निसटणारं काहीतरी कुणीतरी तिथे धरून ठेवलेलं असतं.

सासूबाईंनी सरळ झालेल्या कोपऱ्यावरून बोट फिरवलं.

“हे काम तुझ्या हाती द्यायचं ठरवलं होतं केव्हाच,” त्या म्हणाल्या. “जीभ रेटत नव्हती.” त्यांनी पेन्सिल सुनेकडे सरकवली. “उद्यापासून मी वाचीन. डोळे मिटून तू ऐकायचं.”