बिजेची साडी

राहीबाईने साडीचं एक टोक धरलं, तेव्हा दुसरं टोक एका जाडजूड बाईच्या मुठीत होतं. दोघींनी एकमेकींच्या तोंडाकडे पाहिलं नाही. राहीबाईने हिसका दिला, साडी मोकळी झाली, आणि घडी न घालताच तिने ती काखेत कोंबली. अंजिरी रंगाची, बारीक काठांची नऊवारी होती. रंग तिच्या मनात भरला नव्हता. पण सेलमध्ये मनाला विचारतो कोण?

पालघरला स्टेशनाजवळच्या मैदानात मांडव घालून हा दिवाळी सेल लागला होता. आत मुंगी शिरायला वाव नव्हता. कर्णा ‘शेवटचे दोन दिवस’ म्हणून ओरडत होता आणि आठवडाभर तो हेच ओरडत होता. टेबलांवर साड्यांचे ढीग आणि ढिगांवर बायका पालथ्या पडलेल्या. मागे सरताना राहीबाईची टाच कुणाच्या तरी पायावर पडली.

“बाय, पाय हाय तो माजा. पायपुसना नाय,” एक कोळीण म्हणाली आणि पुन्हा ढिगात शिरली.

साडी काय, बोईसरच्या बाजारातही मिळाली असती. पण तिथे तिच्या सरावलीच्या चाळीतली निम्मी बायकामाणसं भेटली असती, आणि राहीबाईला कुणीच भेटायला नको होतं. ती आपली भाऊबीज आपणच विकत घ्यायला आली होती. गेल्या दिवाळीलाही तिने तेच केलं होतं. भावाला सुट्टी नव्हती, त्याने साडी धाडली, असं शेजारच्या साखरबाईला तिने बेधडक सांगून टाकलं होतं. साखरबाईने काठ चाचपून भावाची तोंडभर स्तुती केली आणि राहीबाईने ती खाली मान घालून ऐकून घेतली.

भाऊ काही परमुलखात नव्हता. शिवाजी इथेच पालघरच्या एसटी डेपोत मेकॅनिक होता. आई त्याच्याकडे असायची, काविळीने गेली. दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. सगळे उन्हात ताटकळत उभे राहिले, आणि राहीबाईच्या तोंडून चारचौघांत निघून गेलं की, ह्याच्या घरात आईला वेळेवर औषधपाणी झालं नाही, मग ती कशी शिवू देईल? कावळा थोड्या वेळाने शिवला. शिवाजी मात्र त्या दिवसापासून बहिणीच्या दारात आला नाही. जिभेला हाड नसतं म्हणतात, पण तिचे घाव हाडापर्यंत जातात, हे राहीबाईला फार उशिरा कळलं.

पैसे द्यायला ती गल्ल्याकडे वळली आणि जागच्या जागी थबकली. पलीकडच्या टेबलाशी शिवाजी उभा होता. कानाजवळचे केस पांढरे झाले होते. त्याच्या हातात हिरवीगार, रुंद काठाची साडी होती. आई करायची तशी ती डोळ्यांसमोर आडवी धरून तो पोत बघत होता. मग त्याने ती उलगडायला घेतली. साडी उलगडतच गेली. नऊवारी होती.

शिवाजीची बायको सुलू गोल साडी नेसायची. त्याची सासू लग्नाआधीच वारलेली. नऊवारी नेसणारं त्याचं असं जगात एकच माणूस उरलं होतं. तिला इतका आनंद झाला की त्या आनंदाचीच भीती वाटली.

तेवढ्यात शिवाजीने मान वर केली.

आईचा एक दंडक होता. ओवाळणी ताटात पडायच्या आधी बहिणीने बघायची नाही. बघितली की भावाचं मन उणं होतं. लहानपणी शिवाजी परकराचं कापड पाठीमागे लपवून आला की राहीबाई दोन्ही हातांनी तोंड झाकून भिंतीकडे वळायची. आताही तिने तेच केलं. पदर नाकाखाली ओढला, पाठ फिरवली आणि मिळेल त्या फटीतून गर्दीबाहेर पडली. मागून कर्ण्याखेरीज काही ऐकू येत नव्हतं. काखेतली अंजिरी साडी जाताजाता तिने ढिगावर टाकली. त्या जाडजूड बाईने ती लगेच उचलली.

घरी आल्यावर तिने नवऱ्याला सांगितलं, “शिवाजी येणार हाय बिजेला.”

“म्हणला तसं?” मारुतीने विचारलं.

“म्हणायला कशाला पायजे?”

कंपनीतून दमून आलेल्या माणसाला बायकोचं हसरं तोंड पुरेसं होतं. पुढचे दिवस राहीबाई कामाला वाघासारखी लागली. पुन्हा करंज्या तळल्या, दाराला गेरू लावला, आणि गरज नसताना साखरबाईला दोनदा सांगितलं की यंदा भाऊ स्वतः येतोय. बिजेच्या सकाळी पाट मांडला, भोवती रांगोळी काढली, ताटात निरांजन, सुपारी, अक्षता ठेवल्या. नाक्यावर एसटी थांबल्याचा आवाज आला की ती दारात जायची. दुपार कलली. मारुतीला भूक लागली होती, पण तोही जेवायचं नाव काढत नव्हता.

ऊन उतरल्यावर खंडेराव आला. डेपोतला कंडक्टर, शिवाजीचा जुना दोस्त. तो उंबऱ्याच्या आत यायला तयार नव्हता. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पुडकं त्याने पुढे केलं.

“शिवाजीनं दिलंय, अक्का.”

“आन् तो?”

खंडेराव चपलेच्या अंगठ्याकडे बघत राहिला. “तो सकाळीच बायकोला घेऊन तिच्या भावाकडं गेला, नाशिकला. येणार होता तुमच्याकडं. साडी घ्यायला गेला तिथं तुमी दिसलात म्हणं. हाका मारल्या त्यानं. तुमी बघितलंत आन् पदर ओढून पाठ फिरवलीत. म्हणला, अक्काला माझं तोंड बघायचं न्हाई. पण तिची ओवाळणी तिला पोचव.”

राहीबाईने तोंड उघडलं. आईचा दंडक सांगावा, असं जिभेवर आलं होतं. पण ज्याला सांगायचा तो नाशिकला होता, आणि तोच तो दंडक विसरला होता. तिने खंडेरावच्या हातावर करंजी ठेवली. तो सायकलवर बसून निघून गेला.

पुडकं सोडेपर्यंत साखरबाई आलीच. तिने हिरवे काठ बोटांनी चाचपले, साडी उजेडात धरली.

“गेल्या सालापरीस झ्याक हाय,” ती म्हणाली. “आला न्हाई, पण भाऊ चुकत न्हाई बघ तुजा.”

राहीबाईने निरांजन लावलं आणि ताट घेऊन ती अंगणात आली. कारखान्याच्या धुरामागे बिजेची कोर नखाएवढी दिसायला लागली होती आणि लगेच मावळणारही होती. राहीबाईने ताट वर धरलं.

“अगं, भाऊ नसलेल्या बायका चंद्राला ओवाळतात,” साखरबाई मागून म्हणाली. “तुजा भाऊ हाय की.”

राहीबाईने डोक्यावरचा पदर मागे सारला, आणि उघड्या तोंडाने वर बघत ती ओवाळत राहिली.