बावीस जागी चिकटवलेलं पुस्तक

मी एक जुनं, उजवीकडून उघडणारं चित्रांचं पुस्तक आहे, मित्रांनो. हिब्रू भाषेची बावीस अक्षरं आणि प्रत्येक अक्षरापाशी एका कसलेल्या चित्रकाराचं रंगचित्र, असा माझा संसार. फुशारकी नाही मारत. पण 'पे' अक्षराची माझी गाय, हिब्रूत तिला पारा म्हणतात, इतकी हुबेहूब आहे, की चऱ्होलीच्या गवळ्यानं तिच्यापुढे वैरण टाकली होती. खोटं वाटत असेल तर गाईला विचारा.

इस्रायलमधल्या अश्दोदला लेयाबाई पेणकर शाळेत शिकवतात. घराणं कोकणातून तिकडे गेलेल्या ज्यूंचं, म्हणून आडनाव पेणचं, बोलणं आपलं मराठी. चाकणच्या कारखान्यातल्या धनेशला कंपनीनं दोन वर्षांसाठी तिकडे पाठवायचं ठरवलं, आणि त्याच्या लेकीचं, अबोलीचं, नाव बाईंच्याच शाळेत घातलं, तेव्हा बाईंनी तिच्यासाठी मला टपालानं धाडलं. सोबत चिठ्ठी: "अक्षरं आली तर तिच्या वयाच्या मुलांत बसवीन, नाही तर बालवर्गात." सात वर्षांच्या अबोलीनं त्या दिवसापासून जेवण सोडून बाकी सगळं सोडलं आणि माझ्यात डोकं घातलं.

धनेश क्वालिटी विभागात. भिंतीवर लावल्याशिवाय गोष्ट डोक्यात शिरत नाही, असं त्याचं ठाम मत. कारखान्यात यंत्रायंत्रावर सूचना लावतात ना, तसं. एका रविवारी त्यानं कटरनं माझी पानं सुटी केली, लॅमिनेशन केलं आणि गाय फ्रिजवर, सूर्य गिझरवर, मासा पाण्याच्या फिल्टरवर लावला. घोडा थेट पार्किंगमध्ये, स्वतःच्या मोटरसायकलवर.

"अहो, पुस्तक होतं ते," त्याची बायको निशिगंधा म्हणाली.

"आता सिस्टिम आहे."

मी एकाच वेळी बावीस ठिकाणी राहू लागलो. गिझरवर घाम, फ्रिजवर हुडहुडी. मोटरसायकलवरून तर चाकणच्या ट्रॅफिकमध्ये तीन तास उभा राहून शिव्यांची अख्खी बाराखडी शिकून आलो.

महिन्यानं व्हिडिओ कॉलवर परीक्षा झाली. बाईंनी कोऱ्या कागदावर चित्राशिवाय नुसतं सूर्याचं अक्षर, 'शिन', लिहून दाखवलं.

"हे काय गं?"

"गिझर," अबोली म्हणाली.

'पे' दाखवलं. "फ्रिज."

घोड्याचं 'सामेख' दाखवलं. "पप्पांची गाडी."

निशिगंधानं धनेशकडे असं पाहिलं, की त्याची सिस्टिम जागच्या जागी बंद पडली. अबोलीचे डोळे भरले.

"रडू नको बाय," बाई म्हणाल्या. "मला गिझर दाखव."

अबोली फोन घेऊन बाथरूममध्ये धावली. "हा सूर्य. शेमेश. खाली बाई गवत कापतेय, तिला ऊन लागतंय म्हणून तिनं कपाळावर हात धरलाय." मग फ्रिज, मग फिल्टर, मग तीन जिने उतरून पार्किंग. मागून धनेश चार्जर घेऊन पळतोय. कशाला, ते त्यालाच ठाऊक.

"आता खुर्चीत बस," बाई म्हणाल्या, "आणि मनातल्या मनात पळ."

पुन्हा कोरा कागद, पुन्हा 'शिन'. अबोलीचे पाय खुर्चीखाली हलले.

"गिझर... सूर्य... शेमेश... शिन."

बावीसपैकी वीस आली.

"बसेल ही तिच्या वयाच्या मुलांत," बाई म्हणाल्या. "धनेशभाऊ, येताना आमच्या आईचं पुस्तक तेवढं आणा."

धनेशनं चारी भिंतींकडे पाहिलं. "आणतो की बाई. जरा... सुटं झालंय."

आता चार नट-बोल्टांनी मला परत जोडलंय. विमानतळावरच्या तपासणी यंत्रानं तीनदा कोकलून माझं स्वागत केलं.

मित्रांनो, पुस्तकं कापू नका, हे माझ्या जखमा सांगतात. पण बाईंच्या कपाटात चाळीस वर्षं उभा होतो, तेव्हा माझ्यावर एक ओरखडा नव्हता, आणि कुणाची नजरही नव्हती. तेव्हा पुस्तकाला कव्हर खुशाल घाला. पण आधी एकदा अबोलीसारखं धापा टाकत त्याच्यासमोर येऊन उभे राहा.