चकती काढली त्या सकाळी

मित्रांनो, मी पेडण्याची एक जुनी मोटारसायकल आहे. माझे पुढचे मडगार्ड पिवळे आहे. गोव्यात उतारू नेणाऱ्या मोटारसायकलींची ती ओळख. अशी गाडी चालवणाऱ्याला येथे पायलट म्हणतात. माझा पायलट बाबली.

गोवा घटक राज्य झाले, त्या वर्षी मी नवी होते. कारखान्याने माझ्या सायलेन्सरच्या गळ्यात बारीक भोकाची एक पोलादी चकती बसवली होती. धुराची वाट तिने अरुंद केली होती. त्यामुळे माझी शक्ती बेताची राही आणि इंजिनही बेतानेच तापे. चढावर मला धाप लागे. पण एकाही उतारूला मी वाटेत उतरवले नव्हते.

तेव्हा म्हापशाच्या वाटेवर चोपड्याला नदीवर पूल नव्हता. फेरीबोट गाठून देण्यावरच पायलटाची पत ठरे. एका आठवड्यात माझ्यामुळे दोन बोटी चुकल्या, तेव्हा स्टँडवर अनंत पायलट ओरडला, "बाबली, तुझी गाडी चलता काय रांगता रे? उतारूक खांद्यार घे नि धाव, बेगीन पावशीत!"

सगळे हसले. बाबली मला थेट जयराम मेस्त्रीकडे घेऊन गेला.

"चकती काढ."

"काढतंय. पण धूर मोकळो झालो की इंजिनाक पेट्रोल ज्यादा होया. कार्बुरेटरात मोठो जेट घालूक होयो, तो म्हापशासून हाडूक होयो."

"जेट मागीर. फाल्यां सुमंगलाक आठाची बोट गाठून दिवची आसा."

"तसोच पळवशीत तर इंजिन तापान पिस्टन धरतलो हां!"

"चोपड्यापर्यंत काय धरता तो!"

सुमंगला ही आमच्याच वाड्यावरची. शिक्षिकेच्या जागेसाठी म्हापशाला दहा वाजता तिची लेखी परीक्षा होती. वयाच्या अटीमुळे ही तिची शेवटची संधी होती.

सकाळी मी सुटले ती अक्षरशः उधळले. सुमंगलेने बाबलीचा सदरा घट्ट धरला. "बाबलीदादा, आज गाडीक काय झाला?"

"गोव्याक मिळाला, तसा तिकाय राज्य मिळाला!"

खोटे कशाला सांगू? मलाही तो वेग आवडला. वाटेतले पार्से गाव मागे पडले तेव्हा माझे इंजिन जळत होते. पण त्या आवाजात मला स्वतःचीच धग कळली नाही.

चोपड्याच्या उतारावर बाबलीने वेगाची मूठ सोडली. माझ्या जातीच्या इंजिनाला तेल पेट्रोलातूनच मिळते. पेट्रोल थांबले, तसे तेलही थांबले. तापून फुगलेला पिस्टन नळकांड्यात जागीच रुतला. मागचे चाक क्षणात थिजले. मी आडवी होऊन घसरत गेले आणि सुमंगला धक्क्याच्या दगडांवर फेकली गेली.

मित्रांनो, माझ्याकडून असे काही घडेल, हे माझ्या ध्यानीमनीही नव्हते. काल जी शक्ती मिळाली म्हणून मी हरखले होते, तिनेच आज मला दगड करून टाकले.

बाबली खरचटलेल्या गुडघ्यांनी धावत गेला. सुमंगला उठून बसली होती. तिचा पहिला प्रश्न होता, "बोट गेली?"

बोट गेली नव्हती. खलाशाने वर घेतलेली फळी पुन्हा खाली टाकली होती आणि सगळे उतारू वाकून पाहत होते. बोट थांबली होती; सुमंगलेचा लिहिणारा उजवा हात मात्र मनगटात मोडला होता.

त्याच बोटीने तिला म्हापशाच्या इस्पितळात नेले. बोटीवर चढवताना बाबलीने रडतरडत चकतीचे आणि मेस्त्रीच्या इशाऱ्याचे सगळे सांगितले. ती म्हणाली, "दादा, मागे मी बसलंय होतंय. माका एकदा सांगूचा होता. मी साताच्याच बोटीन गेलंय असतंय."

धक्क्यावर पडल्या पडल्या ते मी ऐकले. फळी वर गेली, बोट निघाली.

मित्रांनो, यंत्राला घातलेली मर्यादा हौसेखातर काढू नका. जाणत्याने अडवले तर थांबा. आणि वेग वाढवण्याआधी, जो विश्वासाने तुमच्या मागे बसणार आहे, त्याला एकदा विचारा. कदाचित त्याला इतकी घाई नसेलच.